सिंधुदुर्गातील बंद पडलेल्या चिरेखाणी

बंद पडलेल्या चिरेखाणी म्हणजे जांभा खडकातून बांधकामाचे चिरे काढून झाल्यावर आहे त्या स्थितीत सोडून दिलेले उघडे खड्डे होत. महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण, देवगड, वेंगुर्ला, कुडाळ, कणकवली व सावंतवाडी या तालुक्यांतील सड्यांवर असे खड्डे मोठ्या प्रमाणात आढळतात. त्यांच्या भिंती उभ्या असतात, कडेला बहुधा कुंपण नसते आणि पावसाळ्यानंतर तळाशी पाणी साठते. भिंत ढासळणे, कडेवरून पडणे व साठलेल्या पाण्यात बुडणे हे येथील तीन मुख्य धोके आहेत. जगात इतरत्र, विशेषतः वेल्समधील पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणींत, प्रस्तरारोहणाची परंपरा निर्माण झाली. जांभ्याच्या खाणींत ती रुजलेली नाही. याचे कारण खडकाच्या घडणीत जसे आहे, तसेच जमिनीच्या मालकीतही आहे.

खडक

जांभा हा उष्ण व दमट हवामानात मूळ खडकाची दीर्घकाळ झीज होऊन तयार झालेला खडक आहे. पावसाळा व कोरडा ऋतू आलटून पालटून येत राहिल्याने मूळ खडकातील सिलिका, चुना, सोडा, पोटॅश इत्यादी घटक पाण्याबरोबर वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहतात. तांबडा, तपकिरी व जांभळट रंग त्यांतील लोहामुळे येतो. फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात मलबारातील अंगाडिपुरम येथील अशाच दगडाचे वर्णन केले व 'वीट' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास 'लॅटेराइट' हे नाव दिले. ओला असताना लोखंडी हत्याराने कापता येतो आणि हवेत उघडा राहिल्यावर कठीण होतो, हे त्याने तेव्हाच नोंदवले होते. कोकणातील घरबांधणी याच गुणावर उभी आहे.

जांभ्याचा उभा छेद एकसारखा नसतो, ही गोष्ट खाणींच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाची आहे. वरच्या थरात लोहाने घट्ट जखडलेले कठीण कवच असते. सड्यावर चालताना पायाला लागतो तो काळपट, खडबडीत कातळ म्हणजे हेच कवच. त्याच्या खाली नळ्यानळ्यांचा व पोकळ्यांचा, तुलनेने मऊ जांभा असतो. चिरे मुख्यतः याच थरातून निघतात. आणखी खाली खडक ठिपकेदार व भुसभुशीत होत जातो आणि शेवटी पांढुरकी, पिवळसर किंवा गुलाबी चिकणमाती लागते. वरून झिरपलेले पाणी या मातीशी अडते व आडवे वाहू लागते. सड्याच्या उतारावर मध्येच फुटणारे झरे बहुधा याच सीमेवर असतात.

सिंधुदुर्ग जिल्ह्याचा भूगर्भ विविध आहे. पट्टिताश्म, कलादगी गटातील वालुकाश्म व क्वार्टझाइट आणि उत्तर-पूर्व भागात दख्खनचा काळा पाषाण असे वेगवेगळे खडक येथे आहेत आणि किनाऱ्यालगतच्या सपाट डोंगरमाथ्यांवर त्यांच्यावरच जांभ्याची टोपी चढलेली दिसते. आंबोली-चौकुळ परिसरात घाटमाथ्याच्या उंचीवरही जांभा आहे. पाटीचा दगड मात्र या किनाऱ्यावर मिळत नाही. भारतात दगडी पाट्यांसाठी आंध्र प्रदेशातील मारकापूर व पाटीवरच्या पेन्सिलींसाठी मध्य प्रदेशातील मंदसौर ही ठिकाणे प्रसिद्ध आहेत.

खाणकाम व भिंतीची घडण

पूर्वी चिरे हाताने काढले जात. कातळावरची माती व कठीण साल काढून टाकावयाची, लोखंडी हत्याराने चारही बाजूंनी चर पाडावयाचे व पहारीने चिरा तळापासून उचकटावयाचा, अशी ही पद्धत होती. जुन्या हातखाणींच्या भिंतींवर तिरप्या घावांच्या ओळी अजूनही दिसतात. पुढे गोल पात्याची यंत्रे आली. यंत्र रुळांवरून सरकत प्रथम एका दिशेने व नंतर काटकोनात उभे काप घेते आणि शेवटी आडवा काप घेऊन चिरे तळापासून सुटे करते. एक थर संपला की रूळ खाली उतरवून पुढचा थर घेतला जातो. प्रचलित चिरा सुमारे चौदा इंच लांब, नऊ इंच रुंद व सात इंच जाड असतो आणि त्याचे वजन साधारण ३० किलोग्रॅम भरते. स्वामित्वधन ज्या मापावर आकारले जाते त्या एका ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांत, असे सुमारे दोनशे चिरे बसतात.

यंत्राच्या खाणीची भिंत उभी व आरीने कापल्यासारखी गुळगुळीत असते. तिच्यावर सात-सात इंचांच्या अंतराने आडव्या रेषा उमटतात. हातखाणीत कामगाराला स्वतः उतरावे-चढावे लागे, म्हणून कोठेतरी पायऱ्या वा उतार सोडलेला असे. यंत्राच्या खाणीत वाहन जाण्यापुरता एक उतार ठेवतात. काम संपल्यावर तोच उतार टाकाऊ मातीने बुजला, तर खड्ड्यात पडलेल्या जनावराला बाहेर येण्यास वाट राहत नाही. वाया गेलेले तुकडे व भुगा यांचे ढीग कडेवरच टाकलेले असतात. चांगला दगड मिळेपर्यंत खाण खोल जाते, मऊ माती लागली की थांबते. त्यामुळे सोडून दिलेल्या खाणीच्या भिंतीचा पाया पुष्कळदा त्या छेदातील सर्वांत दुबळ्या थरात येतो.

भिंत कशी ढासळते

काळ्या पाषाणाच्या कड्यावरून सुटा दगड निखळतो, त्यापेक्षा जांभ्याच्या भिंतीची ढासळण निराळी असते. वरचे कवच कठीण व खालचा थर मऊ, या उलट्या रचनेमुळे भिंत तळाकडून पोखरली जाते. पावसाचा मारा, तळाशी साठलेल्या पाण्याचा ओलावा आणि मातीच्या सीमेवरून पाझरणारे झरे यांमुळे खालचा भाग दर पावसाळ्यात थोडा थोडा मागे हटतो. वरचे कवच छज्जासारखे पुढे राहते. त्यात मुळातच उभ्या भेगा असतात. पिंपळ, वड, ऐन यांची मुळे त्या रुंदावतात. एखाद्या वर्षी कवचाचा मोठा लादीवजा तुकडा भेगेच्या रेषेवर सुटतो व पुढे कलंडतो. कडेवर उभा असलेला मनुष्य खालून पाहिल्याशिवाय आपण छज्जावर उभे आहोत हे ओळखू शकत नाही, कारण वरून कातळ अखंड व भक्कम दिसतो.

दुसरा प्रकार पाण्याशी निगडित आहे. जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात भिंतीमागचा खडक व माती पाण्याने संपृक्त होतात. खड्डा भरलेला असतो तोवर आतले पाणी भिंतीला काही अंशी टेकू देते. पाणी उपसले गेले किंवा झपाट्याने उतरले की तो टेकू जातो, पण भिंतीमागचा दाब तसाच राहतो. म्हणून पाऊस थांबून कडक ऊन पडले म्हणजे धोका संपला, हा समज चुकीचा आहे. शेतीसाठी खाणीत पंप लावून पाणी उपसले जाते, तेथे ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी लागते.

तिसरे कारण खडकातील नैसर्गिक नळ्या होत. जांभ्यातून वाहणारे पाणी आतली माती धुऊन नेते व जमिनीखाली पोकळ वाटा तयार होतात. भिंतीत त्यांची तोंडे बिळांसारखी दिसतात. वरून त्यांचा पत्ता लागत नाही.

निखळलेल्या दगडाचा आघात किती असतो हे साध्या हिशेबाने कळते. ३० किलोग्रॅमचा एक चिरा ६ मीटर उंचीवरून पडला, तर तळाशी येताना त्याचा वेग ताशी सुमारे ३९ किलोमीटर व ऊर्जा सुमारे १,७६० जूल असते. गिर्यारोहणाच्या शिरस्त्राणाची युरोपीय मानकानुसार होणारी मुख्य चाचणी ५ किलोग्रॅमचे वजन २ मीटरवरून टाकून घेतात, म्हणजे सुमारे ९८ जूल. शिरस्त्राण खडे व छोटे दगड यांपासून बचाव करते. ढासळत्या चिऱ्यापासून ते वाचवील अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

उभ्या कापलेल्या डोंगराचे काय होते याचा कटू अनुभव जिल्ह्याला अन्य ठिकाणी आला आहे. २२ जून २००३ रोजी रात्री वैभववाडीजवळ कोकण रेल्वेच्या मार्गावर दरड कोसळली व कारवारहून मुंबईकडे जाणारी विशेष गाडी तिच्यावर आदळून पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर रेल्वेने कापलेल्या उतारांचा कोन कमी करणे, लोखंडी जाळ्या बसवणे, खडकात सळ्या ठोकून सिमेंटचा थर देणे, पावसाळ्यात गस्त वाढवणे व गाड्यांचा वेग कमी ठेवणे असे उपाय मोठ्या प्रमाणावर केले. पावसाळी वेळापत्रक हा त्याचाच भाग आहे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे लोहखनिजाच्या खाणीचा एक भाग खचून आत साठलेले पाणी व चिखल खालच्या वस्तीत व बागायतीत शिरला. ही चिरेखाण नव्हती आणि तिचा आकार कितीतरी मोठा होता, परंतु साठलेले पाणी व दुबळी कड यांचे गणित तेच होते. चिरेखाणी लहान असल्याने त्यांच्या वाट्याला जाळी, सळ्या वा गस्त यांपैकी काहीच येत नाही.

प्रस्तरारोहणाच्या दृष्टीने

महाराष्ट्रातील प्रस्तरारोहण मुख्यतः सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर वाढले. तेथील कडे व सुळके शेकडो फूट उंच असून खडक कठीण आहे. त्यात भेगा, कपारी व बोटांच्या पकडी मिळतात आणि दोरासाठी ठोकलेल्या खिळ्याला वा बोल्टाला धरून ठेवण्याइतकी ताकद असते. कर्नाटकातील बदामीचा वालुकाश्म आणि हंपी व रामनगरचा ग्रॅनाइट हे महाराष्ट्रातील आरोहकांच्या परिचयाचे आहेत. मालवण किनाऱ्यावर साहसी पर्यटन म्हणजे प्रामुख्याने समुद्रातील पर्यटन, तारकर्लीचे पाण्याखालील डुबकीचे प्रशिक्षण केंद्र हे त्याचे ठळक उदाहरण. जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील मनोहर-मनसंतोष गडांसारख्या ठिकाणी कातळावर चढण्याचा प्रसंग येतो, पण तो दुर्गभ्रमणाचा भाग म्हणून.

चिरेखाणीची भिंत दुरून पाहता चढाईला योग्य वाटते. ती उभी आहे, रस्त्यालगत आहे, आणि जुन्या भिंतीत पोकळ्यांच्या रूपाने हाताला पकडीही दिसतात. प्रत्यक्षात या पोकळ्यांच्या कडा पातळ, ठिसूळ व धारदार असतात. ओल्या जांभ्याची कडा शरीराच्या वजनाने तुटते आणि कोरड्या जांभ्याची बोटांची साल काढते. भिंतीचा पृष्ठभाग उन्हाने कडक झालेला असला, तरी हा कडकपणा पृष्ठभागापुरताच असतो. बोटाने ठोकून घट्ट लागलेला थर आतून मऊ निघू शकतो.

अडचण सर्वांत जास्त जाणवते ती दोर बांधण्याच्या बाबतीत. भारतीय मानक ३६२० नुसार बांधकामाच्या जांभा चिऱ्याची दाब सहन करण्याची ताकद किमान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असावी लागते. ताज्या काळ्या पाषाणाची ताकद साधारणपणे १०० न्यूटनच्या वर असते. खडकात पक्क्या बसवायच्या बोल्टांसाठीचे युरोपीय मानक आडव्या ओढीला २५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे अडीच टन, भार टिकण्याची अपेक्षा ठेवते आणि ही चाचणी चांगल्या प्रतीच्या काँक्रीटमध्ये घेतली जाते. फुगून घट्ट बसणारा बोल्ट भोवतालच्या खडकावर दाब देऊनच टिकतो. सच्छिद्र जांभ्यात तो दाब खडकालाच चिरडतो. बोल्ट उत्तम पोलादाचा असला, तरी त्याला धरणारा खडक त्या तोडीचा नसतो. मान्यताप्राप्त शिखा उपलब्ध नसल्यास दोर कडेपासून मागे असलेल्या मोठ्या, जिवंत झाडाला बांधणे हा पर्याय उरतो. पण सड्यावर मोठी झाडे विरळ, कातळात मुळे उथळ, आणि दोर छज्जाच्या खडबडीत कडेवर घासतो.

उंचीचाही प्रश्न आहे. खाण सहसा दोन ते पाच पुरुष खोल असते. दोराच्या चढाईसाठी ही उंची तोकडी आणि दोराशिवाय चढण्यासाठी धोक्याची. दोराशिवाय कमी उंचीवर चढताना खाली सपाट, मऊ जागा लागते. खाणीच्या तळाशी मात्र तुटके चिरे, पाणी किंवा पाण्याखाली लपलेले चिरे असतात. या सर्व कारणांमुळे जिल्ह्यातील चिरेखाणींत प्रस्तरारोहणाची स्थिर परंपरा नाही, आणि तिचा अभाव ही उणीव मानण्याचे कारण दिसत नाही. खाणीच्या भिंती प्रत्यक्षात चढतात ती बहुतांशी स्थानिक मुले, पोहून झाल्यावर बाहेर येण्यासाठी, अनवाणी व ओल्या अंगाने. येथील खऱ्या जोखमीचा विचार त्यांच्यापासून सुरू करावा लागतो.

वेल्समधील तुलना

उत्तर वेल्समधील लानबेरिस गावाजवळची डिनॉर्विग ही पाटीच्या दगडाची प्रचंड खाण १९६९ साली बंद झाली. त्यानंतर विशेषतः १९८० च्या दशकात तेथे प्रस्तरारोहणाची स्वतंत्र शैली विकसित झाली. जॉनी डॉझ याने १९८६ मध्ये चढलेला 'द क्वारीमन' हा मार्ग त्या काळाचे प्रतीक मानला जातो. पाटीचा दगड पापुद्र्यांत फुटतो, परंतु प्रत्येक पापुद्रा कठीण व गुळगुळीत असतो. त्यामुळे काचेसारख्या सपाट भिंती, अगदी बारीक कडा व नितळ काटकोन तयार होतात. पाऊस थांबल्यावर हा दगड लवकर वाळतो आणि बोल्टही धरतो.

तरीही तेथील भिंती स्थिर नाहीत. सुरुंगाने हादरलेला खडक, गोठणारे-वितळणारे पाणी आणि पापुद्र्यांचा कल यांमुळे मोठमोठे भाग कोसळतात व प्रसिद्ध मार्ग कायमचे नाहीसे होतात. खाणीच्या परिसरात भूमिगत जलविद्युत केंद्र असून मोठा भाग वीज कंपनीच्या ताब्यात आहे. अनेक ठिकाणी आरोहण अधिकृत परवानगीने नव्हे, तर डोळेझाकीने चालत आले आहे. आरोहकांची संघटना व जमीनमालक यांच्यात प्रवेशाबद्दल बोलणी चालू राहतात. २०२१ मध्ये उत्तर-पश्चिम वेल्सचा हा खाणप्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. सिंधुदुर्गाशी तुलना करताना खडकातील फरक उघड आहे. प्रवेशाचा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच अनिर्णित आहे: खाण चालवणारा गेला, धोका राहिला, आणि येणाऱ्या माणसाची जबाबदारी कोणाची हे ठरलेले नाही.

जमीन व प्रवेश

सिंधुदुर्गातील सडा मोकळा दिसतो म्हणून तो सार्वजनिक असतो असे नाही. बहुतेक चिरेखाणी खासगी जमिनीत आहेत. कोकणात जमिनीचे तुकडे लहान असून एकाच सातबाऱ्यावर अनेक सहहिस्सेदारांची नावे असतात. त्यांतील काही मुंबईत, काही परदेशात. परवाना घेऊन चिरे काढणारा ठेकेदार बहुधा मालकापेक्षा वेगळा असतो व काम संपल्यावर निघून जातो. अशा वेळी परवानगी कोणाकडे मागावयाची, हा प्रवेश करू इच्छिणाऱ्यापुढचा पहिला पेच आणि कुंपण कोणी घालावयाचे, हा गावापुढचा. काही जमिनी देवस्थानाच्या असतात, काही आकारीपड म्हणून शासनाकडे गेलेल्या, तर आंबोली, चौकुळ व गेळे येथे कबुलायतदार गावकर पद्धतीच्या जमिनींचा प्रश्न दीर्घकाळ गाजलेला आहे.

सड्यावरून जाणाऱ्या पायवाटा व गुरांच्या वाटा मात्र सर्वांच्या वहिवाटीच्या असतात. खाण वाढत वाढत अशा वाटेच्या कडेला येते आणि एरवी परिचयाचा रस्ता काळोखात वा धुक्यात धोकादायक ठरतो. पावसाळ्यात कडेला वाढलेले गवत खड्ड्याची कड झाकून टाकते. पूर्वी शेताच्या हद्दीवर जांभ्याचे गडगे घालत. ज्या खाणींभोवती टाकाऊ दगडांचाच गडगा रचलेला आहे, तेथे माणसे व गुरे पडण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. हा उपाय स्वस्त आहे, दगड जागेवरच पडलेला असतो, आणि तरीही तो क्वचित केला जातो.

कायदेशीर तरतुदी

जांभा चिरा हे गौण खनिज आहे. खाणी व खनिजे अधिनियम, १९५७ अन्वये गौण खनिजांबाबत नियम करण्याचा अधिकार राज्यांना असून महाराष्ट्रात त्यासाठी २०१३ चे गौण खनिज उत्खनन नियम लागू आहेत. विनापरवाना उत्खननाबद्दल महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ खाली दंड होतो. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये पाच हेक्टरांपेक्षा लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरणविषयक मंजुरी आवश्यक ठरवली. चिरेखाणी बहुधा याच आकाराच्या असल्याने त्यांच्यावर या निर्णयाचा थेट परिणाम झाला.

सुरक्षिततेच्या दृष्टीने पूर्वीच्या खाण अधिनियम, १९५२ मधील कलम ३ लक्षणीय होते. या कलमाने मुरूम, जांभा, बांधकामाचा दगड, पाटीचा दगड इत्यादींच्या उघड्या खाणींना अधिनियमाच्या बहुतेक तरतुदींतून सूट दिली होती. अट अशी की खोली कोठेही सहा मीटरांपेक्षा जास्त नसावी, एका दिवशी पन्नासपेक्षा अधिक माणसे कामावर नसावीत आणि स्फोटके वापरलेली नसावीत. चिरे काढताना स्फोटके वापरत नाहीत, कारण चिरा फुटतो. माणसेही थोडी लागतात. म्हणजे खोली सहा मीटरांच्या आत आहे तोवर लहान चिरेखाण केंद्रीय खाणसुरक्षा व्यवस्थेच्या बाहेरच राहते. वर दिलेला दगड पडण्याचा हिशेब सहा मीटरांचाच आहे, हे येथे आठवावे. सूट नसलेल्या उघड्या खाणींसाठी १९६१ चे धातुखाण विनियम माती, मुरूम व तत्सम जमिनीत बाजू ४५ अंशांपेक्षा उभी न ठेवण्याचा किंवा दीड मीटरपेक्षा उंच नसलेले व उंचीइतके रुंद टप्पे ठेवण्याचा दंडक घालतात. चिरेखाणीच्या सरळ उभ्या भिंतीशी ही आकृती ताडून पाहिली, की अंतर ध्यानात येते.

साहसी उपक्रमांसाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण स्वीकारले. त्यानुसार जमीन, पाणी व हवा यांतील उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित असून प्रशिक्षित मार्गदर्शक, साधनांचा दर्जा व बचावव्यवस्था यांचे निकष दिलेले आहेत. हे निकष आयोजकाला बांधतात. स्वतःहून खाणीत उतरणाऱ्यांपर्यंत ते पोहोचत नाहीत.

पाणी व बुडण्याचे अपघात

पाऊस संपल्यावर खाणीतले पाणी काही आठवड्यांत निवळते व हिरवट-निळे, उथळ दिसू लागते. प्रत्यक्षात कडेपासून पहिले पाऊलच सरळ खोल पाण्यात पडते, कारण खाणीला विहिरीसारख्या उभ्या बाजू असतात आणि तळ्यासारखा उतरता काठ नसतो. तळाशी बारीक लाल गाळाचा थर बसतो व पाय रुततात. यंत्राने कापलेल्या भिंतीला ओल्या हाताने धरण्यासारखे काही नसते. कोकणात व शेजारच्या गोव्यात अशा खड्ड्यांत मुले व तरुण बुडाल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. पोहता येणाऱ्यांचाही त्यांत समावेश असतो, कारण प्रश्न पोहण्याचा नसून बाहेर येण्याचा असतो. कडेला बांधून ठेवलेला गाठींचा दोर किंवा भिंतीत कापलेल्या चार पायऱ्या एवढ्यानेही परिस्थिती बदलते.

कातळशिल्पे व जीवसृष्टी

सडा ओसाड मानला जातो, म्हणूनच तो खाणीसाठी सहज दिला जातो. त्याच कातळावर कोकणातील प्रागैतिहासिक कातळशिल्पे कोरलेली आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलेल्या कोकणातील कातळशिल्पस्थळांत मालवण तालुक्यातील कुडोपीचा समावेश आहे. शिल्पे वरच्या कवचावर, काही इंच खोलीच्या चरांनी, कोरलेली असतात आणि खाणकामात सर्वप्रथम काढून टाकला जाणारा थरही तोच असतो. मातीखाली झाकलेले शिल्प यंत्र फिरल्यावर कोणाच्या लक्षातही येत नाही.

पावसाळ्यात सड्यावरच्या उथळ डबक्यांत व मातीच्या पातळ थरात गेंद, सीतेची आसवे यांसारख्या अल्पायुषी वनस्पती फुलतात. खाणीने हा अधिवास नष्ट होतो. उलट, जुन्या व निर्मनुष्य खाणींच्या भिंती शृंगी घुबडासारख्या पक्ष्यांना घरट्यासाठी मिळतात आणि बेडूक, चतुर व पाणपक्षी तळाच्या पाण्याचा आश्रय घेतात. हिवाळ्यात घुबडांच्या विणीच्या काळात भिंतींवर दोर सोडणे त्यांच्यासाठी घातक ठरते.

पुनर्वापर

बंद खाणींचा सर्वांत जुना उपयोग पाणी साठवण्याचा आहे. आंबा-काजूच्या कलमांना उन्हाळ्यात त्यातून पाणी देतात. तळाचा थर चिकणमातीचा असेल तर पाणी टिकते. सच्छिद्र जांभ्यात ते दिवाळीनंतर उतरू लागते, आणि मग अस्तराचे प्लॅस्टिक घालावे लागते. काही ठिकाणी मत्स्यपालन करतात. उथळ खाणींत माती भरून काजू वा बांबू लावला जातो. वाऱ्यापासून आडोसा मिळत असल्याने खड्ड्यातले झाड उघड्या सड्यावरच्या झाडापेक्षा जोमाने वाढलेले पाहण्यात येते. कचरा टाकण्यासाठीही खाणी वापरल्या जातात. झिरपणारे पाणी खालच्या वाडीच्या झऱ्यात व विहिरीत उतरते, त्यामुळे हा वापर सर्वांत हानिकारक आहे.

कोणत्याही पुनर्वापरापूर्वी कडेचा छज्जा पाडून भिंत टप्प्याटप्प्यांची करणे, कडेवरचे टाकाऊ ढीग हलवणे, वरून येणारे पावसाचे पाणी चर खणून दुसरीकडे वळवणे आणि निदान एका बाजूला चालत उतरता येईल असा उतार ठेवणे ही कामे आवश्यक ठरतात. खाण चालू असताना यंत्र जागेवर असते, तेव्हा ती काही दिवसांत उरकतात. यंत्र निघून गेल्यावर तीच कामे मालकाच्या आवाक्याबाहेर जातात.

सड्यावरून अनोळखी माणसाने चालताना खाणीच्या कडेपासून भिंतीच्या उंचीइतके तरी अंतर राखावे, भिंतीच्या पायथ्याशी बसू वा वाहन उभे करू नये, आणि ताजी लाल माती व न काळवंडलेले तुकडे पडलेले दिसल्यास ती ढासळण अलीकडची आहे असे समजावे. जुनी पडझड शेवाळाने काळी पडलेली असते.